वाड्याच्या सीताबाई

मैनाबाईंच्या बॅगेची चेन शेवंताने अर्ध्यापर्यंत सरकवली आणि ती कान देऊन थांबली. बाथरूममध्ये पाणी पडत होतं. मग तिने उरलेली चेनही ओढली.

वर दोन नव्या पांढऱ्या साड्या होत्या, घडीही न मोडलेल्या. त्यांच्याखाली एक जुनं हिरवं लुगडं, धुराचा आणि गोठ्याचा वास येणारं. टॉवेलात गुंडाळून ठेवलेला मोबाइल होता, तोही बंद. आणि अगदी तळाशी, प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत घालून वर घट्ट गाठ मारलेली खडीसाखर आणि अंगाऱ्याची पुडी. पुडीवर गणेशपुरीचं नाव छापलं होतं.

गणेशपुरीचा प्रसाद माणूस गणेशपुरीहून घरी नेतो. हा प्रसाद समुद्र ओलांडून श्रीलंकेत कशाला आला होता? आणला तर आणला, चार जणांच्या हातावर ठेवायचा सोडून तळाशी कशाला दडवला होता?

पाणी थांबलं. शेवंताने चेन लावली आणि ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. झाडांच्या माथ्यावरून अनुराधापूरच्या मोठ्या स्तूपाचं पांढरं टोक दिसत होतं.

"आंगोल करून घ्या, बाय. पानी गरम हाय," मैनाबाई बाहेर येत म्हणाल्या. त्यांनी ओला टॉवेल खुर्चीच्या पाठीवर पसरला. मग बॅगेजवळ जाऊन ती उघडण्याआधी त्यांनी चेनकडे क्षणभर नुसतं बघितलं. निदान शेवंताला तसं वाटलं.

शेवंताने उभी नोकरी भिवंडीत मुलींच्या वसतिगृहाची गृहपाल म्हणून काढली होती. मामाकडे जाते, असं सांगत मुली समोर उभ्या राहिल्या की ती त्यांच्या तोंडाकडे बघत नसे, पायांकडे बघे. मामाकडे निघालेली मुलगी नवी चप्पल घालत नाही. निवृत्त होऊन आता तीन-चार वर्षं झाली, नवरा गेला त्यालाही बराच काळ लोटला, पण ती नजर काही निवृत्त झाली नव्हती. घरी दुधवाला उशिरा आला तरी तिला त्यामागे काहीतरी दिसे. "आई, तुम्ही जरा चार दिवस मोकळ्या फिरून या," असं म्हणून सुनेने, दीक्षाने, ही सहल ठरवली तेव्हाही पहिला प्रश्न शेवंताच्या मनात आला होता तो हाच, की मला चार दिवस घराबाहेर काढून यांना काय करायचंय? मुलाला, नागसेनला, तिने तसं विचारलंही होतं. तो नुसता हसला होता.

भिवंडी-कल्याणकडची मंडळी, छोटीशी बस, जुनी राजधानीची शहरं आणि त्यांचे अवशेष बघायचे आणि परत. एकट्या आलेल्या बायकांची जोडी लावून एकेक खोली दिलेली. शेवंताच्या वाट्याला मैनाबाई आल्या.

आणि पहिल्या दिवसापासून ही बाई तिच्या डोळ्यात सलत होती. विमानतळावर त्यांना सोडायला कुणीही आलं नव्हतं. विमानात शेजारणीला त्यांनी सांगितलं की गाव अंबाडीच्या पुढे आहे. बसमध्ये दुसरीला सांगितलं, वाड्याकडे. मुलंबाळं किती, असं कुणी विचारलं तेव्हा "हायेत की," म्हणून त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. ग्रुप फोटो निघायचा म्हटलं की त्यांच्या चपलेत नेमका खडा जाई. पायांतली चप्पल कोरी होती, हे वेगळं सांगायला नको.

त्यात ते लाडवाचं. विमानात शेवंताने घरचे रव्याचे लाडू काढून डबा पुढे केला होता. मैनाबाईंनी डब्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि हात मागे घेतला. "नको," एवढंच. शेवंताने डबा मिटला. त्या बाई आगरी, मोठ्या जमीनदार घरातल्या दिसत होत्या, आणि शेवंताच्या गळ्यात बाबासाहेबांचं छोटं पदक होतं. नको म्हणण्याचे सगळे प्रकार तिला लहानपणापासून पाठ होते. त्या क्षणापासून तिने मनातल्या मनात त्या बाईंची बाजू घेणं सोडून दिलं.

\* \* \*

बोधिवृक्षाच्या अंगणात सगळे अनवाणी उभे होते. पांढऱ्या कपड्यांतली सिंहली माणसं निळी कमळं घेऊन येत होती, गर्दी होती पण कुणी कुणाला ढकलत नव्हतं. शेवंताने हात जोडले, त्रिशरण म्हटलं, पंचशील म्हटलं. इतकी वर्षं म्हणत आलेले शब्द या जुन्या झाडाखाली म्हणताना तिचा आवाज कापला. डोळे पुसून तिने बाजूला बघितलं. मैनाबाई जागेवर नव्हत्या.

त्या सापडल्या फाटकाशी. पाठ करून उभ्या होत्या आणि एका सिंहली बाईशी हातवारे करत बोलत होत्या. ती बाई रस्त्याकडे बोट दाखवत होती. मैनाबाई मान हलवत होत्या, पुन्हा विचारत होत्या. शेवंता जवळ गेली तशा त्या गप्प झाल्या.

"काय विचारत होता?"

"काय न्हाय. कवरं लांब हाय, ता."

"काय लांब आहे?"

"आसंच," मैनाबाई म्हणाल्या आणि चपला घालायला वाकल्या.

दुपारी जुळ्या कुंडांपाशी बस थांबली. भिक्षूंच्या आंघोळीसाठी बांधलेली दोन दगडी कुंडं, उतरत्या पायऱ्या, तळाशी हिरवं पाणी. मंडळी शहाळी पीत सावलीला बसली. मैनाबाई पलीकडच्या काठावर पायरीवर एकट्या बसल्या होत्या, डोक्यावर पदर, डावीकडचा काठ कानामागे खोचलेला. शेवंताने टूर मॅनेजरला, सागरला, हाक मारली.

"माझा एक फोटो काढ रे. इथून. मागची ती पायरी दिसू दे."

ती एक पाऊल डावीकडे सरकली आणि सागरने फोटो काढला. शेवंताने मोठा करून बघितला. ती स्वतः पुढे हसत होती आणि तिच्या खांद्यामागे, लहानशा पण स्पष्ट, मैनाबाई बसल्या होत्या. तिला बरं वाटलं. उद्या काही झालंच तर दाखवायला हाताशी काहीतरी असावं. तिने तो लगेच दीक्षालाही पाठवून दिला.

"सागर, एक विचारू?" ती आवाज उतरवून म्हणाली. "त्या बाईंची चौकशी केली होतीस का तू?"

"कुठल्या, मैनाताईंची? आल्या, नाव दिलं, पासपोर्ट दिला. का हो काकी?"

"फोन बंद ठेवलाय. घरून एक फोन नाही आला इतक्या दिवसांत. गाव विचारलं की बदलतं. आता बोधिवृक्षाशी एका बाईला रस्ता विचारत होत्या. ही बाई इथून परत यायची नाही, माझं ऐकून ठेव."

सागरच्या हातातलं शहाळं तसंच राहिलं. माणसं परदेशात नेऊन परत आणायचा हा त्याचा दुसराच सीझन होता. "असं नका हो बोलू. एक माणूस कमी घेऊन परतलो तर मला उभं चिरतील."

"म्हणून तर सांगते."

संध्याकाळी हॉटेलच्या जेवणघरात तो मैनाबाईंच्या टेबलाशी आला. इकडेतिकडे बघत, ओशाळं हसत म्हणाला, "मैनाताई, तुमचा पासपोर्ट जरा माझ्याकडे देऊन ठेवा. सेफ्टीसाठी."

"सगल्यांचा घेतला?"

"घेणार आहे. सगळ्यांचाच."

मैनाबाईंनी सगळ्या टेबलांवरून नजर फिरवली. कुणाच्याही हातात पासपोर्ट नव्हता, सगळ्यांच्या हातांत भात होता. त्यांनी पोलक्यात हात घालून कापडी पिशवी काढली आणि त्यातून पासपोर्ट काढून त्याच्या हातावर ठेवला. मग पुढ्यातलं ताट सरकवलं आणि त्या खोलीकडे निघून गेल्या. जाताना त्यांनी शेवंताकडे बघितलं नाही, आणि तेच शेवंताला खटकलं. चोरी पकडलेली मुलगी कांगावा करते, रडते, दुसरीचं नाव सांगते. ही बाई पाठ ताठ ठेवून गेली होती.

\* \* \*

दुसऱ्या दिवशी सकाळी बस पोलोन्नरुवाच्या वाटेवर असताना दीक्षाचा फोन आला. मैनाबाई पुढच्या बाकावर, खिडकीला टेकून बसल्या होत्या.

"आई, फोटो एकदम मस्त आलाय हं! तो कुंडाचा. मी स्टेटसला टाकलाय, शाळेतल्या सगळ्या विचारतायत, तुझ्या सासूबाई कुठे गेल्यात म्हणून." दीक्षा भिवंडीतल्या एका इंग्रजी शाळेत शिकवत होती. "आणि ऐका ना, गंमत. आमच्या शाळेत उन्नती म्हणून आहे, अंबाडीकडची. ती म्हणते, तुमच्या मागे बसलेल्या बाई डिट्टो तिच्या सासूसारख्या दिसतात. तिची सासू तर गणेशपुरीला आहे, आश्रमात, सेवेला. दर वर्षी जाते म्हणे आठवडाभर. आम्ही एवढ्या हसलो!"

शेवंताची नजर पुढच्या बाकावरच्या पांढऱ्या पदरावर खिळली.

"आई? कोण आहेत हो त्या?"

"कोण?... आवाज नीट येत नाहीये गं. बस हलतेय. मी करते नंतर."

तिने फोन मांडीवर उलटा ठेवला. तर हे असं होतं. प्रसादाची पुडी, बंद मोबाइल, धुराच्या वासाचं लुगडं, सगळं आपोआप एकमेकांत बसलं. घरी जाताना ते लुगडं अंगावर, ती पुडी हातात. शेवंताला आपली नजर खरी ठरल्याचा आनंद व्हायला हवा होता. वसतिगृहात असं काही उघडं पडलं की तिला तो व्हायचा. पण आता तिला आठवलं ते, फोटो काढताना आपण मुद्दाम डावीकडे सरकलो ते एक पाऊल.

तरीही एक गोष्ट कळत नव्हती. नवऱ्याला आणि मुलाला फसवून, समुद्र ओलांडून ही बाई कुणाला भेटायला आली होती?

\* \* \*

पोलोन्नरुवात राजवाड्याच्या विटांच्या भिंती झाल्या, स्तूपाभोवतीची गोल वास्तू, वटदागे, झाली, दारापुढच्या अर्धवर्तुळाकार चंद्रशिला झाल्या. मैनाबाईंचं कशातच लक्ष नव्हतं. सागर काही सांगायला लागला की त्या विचारत, "आनि तो कुठं हाय?" सागर म्हणे, "येतंय ताई, शेवटी येतंय." कोण तो, हे शेवंताला विचारायचं होतं, पण कालच्या जेवणापासून दोघींमध्ये शब्द नव्हता.

दुपारी गल विहाराला पोचले. एकाच लांबलचक कातळात कोरलेल्या मूर्ती होत्या. ध्यानस्थ बुद्ध, हात छातीशी घेऊन उभी असलेली मूर्ती, आणि तिच्या बाजूला उजव्या कुशीवर पहुडलेले बुद्ध. बसइतके लांब. दगडाच्या काळ्या-करड्या लाटा त्यांच्या चेहऱ्यावरून पाण्यासारख्या वाहत गेलेल्या, आणि डोक्याखालच्या दगडी उशीलाही डोक्याच्या भाराने खळगा पडलेला.

मंडळी वंदन करून, फोटो काढून, पाण्याच्या बाटल्या शोधत पांगली. मैनाबाई समोरच्या झाडाखाली चढावर बसल्या आणि बघत राहिल्या. शेवंता थोडा वेळ उभी राहिली. मग जाऊन त्यांच्या शेजारी बसली.

मैनाबाईच आधी बोलल्या. "पासपोट घ्याला तुमीच सांगलात ना त्याला?"

शेवंताने खोटं बोलायचा विचार केला. "हो," ती म्हणाली.

"कनाला?"

"मला वाटलं, तुम्ही पळून जाल. परत यायच्या नाहीत."

मैनाबाईंनी तिच्याकडे वळून बघितलं आणि त्यांना हसू फुटलं. पदर तोंडाला लावून त्या बराच वेळ हसत राहिल्या. "कुठं जानार मी पलून? शनवारी म्हस व्यायची हाय आमची." मग त्यांनी डोळे टिपले. "तुमची नजर वाईट न्हाय, बाय. मी चोरूनच आलंय. घरा सांगलंय, गनेसपुरीला हाय. थय फोन न्हाय ठेवत कोन. जाताना परसाद पन घेतला, म्हंजे परत गेल्याव हातान द्याला काय तरी पायजे ना."

शेवंता जमिनीकडे बघत राहिली. त्या पुडीला आपला हात लागला आहे, हे तिने सांगितलं नाही.

"मालकाला विचारलं असतं तर?"

"हसला असता. सगली हसली असती. मंग काय म्हनाचा मी?" मैनाबाईंनी पायाजवळचं गवत उपटलं. "दुबयला गेली व्हती आमची मानसं. सगल्यांचं पासपोट काढलं, माजा पन काढला. पोरग्यान, धनेसनी, बॅग पन घेतली माज्यासाठी. मंग आदल्या दिशी कोन तरी म्हनला, म्हशी कोन बगनार? कोन म्हनला ता पन आता याद न्हाय. कोन वाईट न्हाय आमचे घरान. सगल्यांनी माज्याकरं बगला. मी रायले."

"आणि मग इथे?"

"अंबाडी नाक्याव या सागरचा बोरड लागला व्हता. त्याच्याव यो." त्यांनी हनुवटीने पहुडलेल्या मूर्तीकडे खूण केली. "मी दुधाचे गाडीला थांबाची रोज, तवा दिसाचा. एवढा मोठा मानूस, भर दिवसा आसा निजलाय, आन् कोन उठवाला न्हाय. मना वाटला, बगून तरी याचा. काल त्या झाराशी त्या बायला मी याचाच विचारीत व्हते."

झोपलेले नाहीत ते, महापरिनिर्वाण आहे ते, हे वाक्य शेवंताच्या ओठांवर पूर्ण तयार होतं. वसतिगृहात तिने ते कित्येक मुलींना समजावून सांगितलं होतं. तिने ते गिळलं.

मैनाबाईंनी शेवंताच्या पिशवीकडे हात केला. "ते लारू हायत का अजून? इमानान पोटान ढवलत व्हता माज्या. म्हटला, यांच्या आंगाव उलटी व्हायची."

शेवंताने डबा काढला. त्यांनी विचारल्याशिवाय दोन उचलले, एक खाल्ला, दुसरा अर्धा खाता खाता त्यांचे डोळे जड झाले. चपला उशाला घेऊन, पदर तोंडावर ओढून त्या तिथेच गवतावर कुशीवर आडव्या झाल्या. थोड्याच वेळात पदर श्वासाबरोबर हलायला लागला.

शेवंता डबा मांडीवर घेऊन बसून राहिली. उरलेला अर्धा लाडू मैनाबाईंच्या मुठीतच होता.

तेवढ्यात फोन वाजला. पुन्हा दीक्षा. शेवंता उठून चार पावलं बाजूला गेली.

"आई, शाळा सुटलीय. उन्नती आणि तिचे मिस्टर इथेच आहेत, तिला न्यायला आलेत. तो फोटो त्यांनीही बघितला आणि आता ते ऐकतच नाहीयेत. म्हणतात, ही माझी आईच आहे. मी स्पीकरवर टाकते हं."

मग एका पुरुषाचा आवाज आला, दबलेला आणि घाईचा. "नमस्कार काकी, मी धनेश. सॉरी हं, तुम्हाला त्रास. त्या फोटोतल्या बाई कोण आहेत? माझी आई गणेशपुरीला गेलीय, फोन लागत नाय. आता गाडी घेऊन तिकडेच निघतोय मी. म्हटलं, आधी तुम्हाला विचारतो."

शेवंताने मागे वळून बघितलं. पांढरा पदर संथ हलत होता. त्याच्या मागे तो लांबलचक कातळ.

ती काही बोलायच्या आत एका बाईचा आवाज मध्ये आला. हसरा होता, जरा जास्तच हसरा. "अहो, काय तुम्ही पण! काकी, त्या तुमच्या ओळखीच्याच असतील ना? वाड्याकडच्या वगैरे?"

काल सकाळी बोधिवृक्षाखाली शेवंताने पंचशील म्हटलं होतं. चौथं शील खोटं न बोलण्याचं.

"हो तर," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच गृहपालाचा वाटला, मोकळा आणि ठाम. "वाड्याच्या आहेत त्या. सीताबाई. आमची जुनी ओळख. त्यांची मुलगी माझ्या वसतिगृहात होती. आता माझ्याच खोलीत आहेत. का हो, काय झालं?"

"नाय, तसं नाय..." धनेशचा आवाज सैल झाला. "फार सारखा चेहरा आहे, म्हणून."

"असतात सारखी माणसं. आणि गणेशपुरीला उगाच धावू नका. सेवेला बसलेल्या माणसाला असं कशाला उठवायचं? येतील त्या वेळेवर."

पलीकडे हसणं झालं, सॉरी झालं, फोन बंद झाला. शेवंताच्या तळहाताला घाम आला होता. तिने तो साडीला पुसला.

खालून सागर हात हलवत येत होता. "काकी, चला, बस निघतेय! मैनाताई झोपल्या की काय? ओ ताई..."

"ए!" शेवंता त्याच्या आडवी गेली. "हाक मारायची नाही."

"पण उशीर होतोय..."

"होऊ दे. आणि तो पासपोर्ट दे इकडे. चूक माझी होती. तू त्यात पडू नकोस."

सागरने तिच्याकडे बघितलं, पाठीवरची बॅग पुढे घेतली आणि पासपोर्ट काढून दिला. बसमधल्या मंडळींनी शहाळ्यांची आणखी एक फेरी मागवली.

\* \* \*

परतीच्या दिवशी मुंबईच्या विमानतळावर मैनाबाई बाथरूममध्ये गेल्या आणि हिरवं लुगडं नेसून बाहेर आल्या. भिवंडीच्या स्टँडवर त्या उतरल्या तेव्हा शेवंताही त्यांच्याबरोबर उतरली. पांढऱ्या साड्या त्यांनी शेवंताच्या हातात दिल्या. "तुमी नेसा. माज्या घरा कुठं दरवू?" मग वाड्याची एसटी लागली आणि गर्दीत कोपर मारत त्या चढल्या. खिडकीतून त्यांनी हात केला नाही. आश्रमातून आलेल्या बाईने कुणाला हात करायचा?

त्यानंतर काही दिवसांनी, एका रविवारी, दीक्षाची मैत्रीण भिवंडीत, त्यांच्या कामतघरच्या घरी आली. शाळेच्या गॅदरिंगचं काहीतरी काम होतं. तिशी-पस्तिशीची, नीटनेटकी, हातात हिरव्या बांगड्या. दीक्षाने ओळख करून दिली, "आई, ही उन्नती," आणि ती चहा ठेवायला आत गेली. शेजारच्या कारखान्यात कापडाचे लूम चालू होते. कामतघरात त्या खटखटीत दोन माणसांचं बोलणं तिसऱ्याला ऐकू जात नाही.

"सहल छान झाली ना, काकी?" उन्नती म्हणाली.

"झाली की."

"सीताबाई कशा आहेत?"

शेवंता सावध झाली. मुलीच्या चेहऱ्यावर हसू होतं, पण बांगड्यांशी चाळा चालला होता. "बऱ्या असतील. वाड्याला गेल्या त्या."

"काकी," उन्नती खुर्ची जरा पुढे घेत म्हणाली, "पदर डाव्या कानामागे असा खोचायची सवय मी रोज बघते हो. लग्न होऊन आले तेव्हापासून. फोटो बघितला त्याच मिनिटाला मला कळलं. पण सकाळी घरी स्टेटस उघडलं, तेव्हा हे माझ्या खांद्यावरून बघत होते. म्हणून मी ते थट्टेवारी नेलं, शाळेत दीक्षालाही तसंच सांगितलं, म्हणजे ह्यांनीही थट्टेवारीच घ्यावं. तरी ऐकेनात. गाडीची किल्ली हातात घेऊन उभे होते. तिकडे जाऊन आई नाही दिसली असती, तर मामंजींनी घर डोक्यावर घेतलं असतं."

शेवंताला फोनवरचा तो हसरा आवाज आठवला. "म्हणून तू वाडा म्हणालीस."

"मला दुसरं गावच सुचेना. तुम्ही काय म्हणाल, याचा भरवसा नव्हता. तुम्ही सीताबाई म्हणालात आणि माझा जीव भांड्यात पडला."

बाहेर एक लूम मध्येच थांबला आणि पुन्हा सुरू झाला. उन्नतीने घसा साफ केला.

"दुबईला गेलो ना आम्ही, तेव्हा म्हशी कोण बघणार, असं मीच म्हणाले होते. सहज म्हणाले होते हो. वाटलं, मामंजी म्हणतील, ठेवू कुणाला तरी. कुणीच काही बोललं नाही."

शेवंताला म्हणायचं होतं, की मग आता तरी सांग त्यांना, की तुला माहीत आहे, की तूच सांभाळून घेतलंस. दोघी एका घरात राहता. तिने तसं अर्धं म्हटलंही. "मग सांगत का नाहीस त्यांना? बरं वाटेल."

उन्नतीने मान हलवली. "नको. घरातली त्यांची कुठली गोष्ट कुणाला माहीत नसते, सांगा? दात दुखला तरी गावाला कळतं. ही एकच आहे, जी कुणालाच माहीत नाही असं त्यांना वाटतं. दूध काढताना मधूनच हसतात हल्ली. मी दारातून बघते आणि परत फिरते." ती थांबली. "तुम्हीही कधी भेटलात तर सांगू नका. मला माहीत आहे म्हणून."

उभ्या नोकरीत शेवंताने कळलेली एकही गोष्ट समोरच्याला कळवल्याशिवाय ठेवली नव्हती. या वेळी तिने नुसता उन्नतीच्या हातावर हात ठेवला आणि बांगड्यांचा चाळा थांबला.

दीक्षा चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. दोघींकडे बघून ती दारातच थबकली. "काय गं, एवढं काय चाललंय दोघींचं? माझं काही बोलत होतात का?"

"छे," शेवंता म्हणाली आणि कप उचलला. "त्यांच्या घरची म्हैस व्यालीय. रेडी झाली की रेडा, ते विचारत होते."

"रेडी," उन्नती म्हणाली.

दीक्षाने ट्रे टेबलावर ठेवला. एकदा सासूकडे, एकदा मैत्रिणीकडे बघत ती बसली, आणि चहा निवेपर्यंत तिची नजर दोघींवरून हटली नाही.